एच७वर उंट देण्याआधी काय मोजायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीत राहणारे एक बुद्धिबळ खेळाडू, रेटिंग (खेळाची पातळी दाखवणारा आकडा) १५००च्या आसपास, शनिवार-रविवारी ठाण्यात आणि नव्या मुंबईत शाळांच्या हॉलमध्ये होणाऱ्या रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या, स्पर्धा खेळतात. रोज पझल सोडवतात, जुन्या उस्तादांनी मोहरी बळी देऊन जिंकलेले डाव आवडीने बघतात. अलीकडच्या एका डावात त्यांनी पांढऱ्याकडून एच७वर (उभी पट्टी एच, आडवी ओळ सात) उंट दिला, राजाने तो मारला, घोड्याने जी५वर शह दिला. समोरच्याने ई७च्या उंटाने घोडा उचलला आणि हल्ला तिथेच संपला. एका प्याद्याच्या बदल्यात एक मोहरं कमी, पुढे हार. त्यांना विचारायचं आहे की असे बळी द्यायला शिकायचं कसं, आणि बळी खरा आहे की नाही हे पटावर बसून ओळखायचं कसं. शेवटी एक वाक्य आहे: ‘माझ्यात धाडस कमी पडतं का?’

धाडस कमी नाही, शिकण्याचा क्रम उलटा झाला आहे. बळी हा शेवटाकडून मागे येत शिकायचा विषय आहे. आधी मात कुठल्या घरात, कुठल्या मोहऱ्यांनी होते ते पाठ हवं. मग ते घर कोण राखतं ते बघायचं. त्यानंतर त्या राखणदाराला हटवायची किंमत ठरवायची, आणि बळी म्हणजे ती किंमत. पझलमध्ये हा क्रम दिसत नाही, कारण तिथे ‘इथे काहीतरी आहे’ हे आधीच सांगितलेलं असतं. पहिली भडक चाल खेळून बघितली की निम्म्या वेळा उत्तर निघतं. स्पर्धेत तसं सांगायला कोणी नसतं, आणि एच७वर उंट देता येतो अशी रचना दर दुसऱ्या डावात दिसते. त्यातली फार थोडी खरी असते.

म्हणून पहिलं काम म्हणजे मात होण्याचे ठरलेले नमुने. सुरुवातीला सात-आठ पुरेत, पण ते घरांसकट डोक्यात बसायला हवेत. काळा राजा एच८वर, पांढरा घोडा एफ६वर, हत्ती एच७वर: घोडा हत्तीला धरतो, म्हणजे राखतो, आणि जी८ही रोखतो, मात. काळा राजा एच७वर, जी७वर त्याचंच प्यादं, पांढरा घोडा ई७वर आणि हत्ती एच-पट्टीवर: घोडा जी६ व जी८ बंद करतो, मात. वजीर एच७वर आणि त्याच्या मागे जी५चा घोडा किंवा डी३चा उंट. वजीर जी७वर आणि त्याला एफ६च्या प्याद्याचा किंवा एच६च्या उंटाचा आधार. आठव्या ओळीवर हत्ती आणि राजासमोर न हललेली तीन प्यादी. लांब कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं; लांब म्हणजे वजिराच्या बाजूला) केलेल्या राजावर दोन उंटांची कात्री.

घोड्याची कोंडून मात तर चालींसकट पाठ असावी. पांढरा वजीर सी४वर येऊन शह देतो, घोडा जी५वर आहे. काळा राजा जी८वर, हत्ती डी८वर, प्यादी जी७ व एच७वर. राजा एफ८ला गेला तर वजीर एफ७वर मात, म्हणून तो एच८ला जातो. घोडा एफ७ शह, राजा जी८. घोडा एच६वर आणि दुहेरी शह, राजा पुन्हा एच८. वजीर जी८वर देऊन शह, हत्तीला तो मारावाच लागतो, घोडा एफ७ मात. इथे वजिराचा बळी धाडसाचा वाटतो, पण त्यात धोका काहीच नाही. हत्तीला जी८वर आणून बसवणं एवढंच त्याचं काम. आता याच रचनेत काळा हत्ती एफ८वर ठेवून बघा. घोडा एफ७ला आला की हत्ती तो मारतो आणि सगळं प्रकरण बदलतं. नमुना पाठ करायचा म्हणजे त्याला बिघडवणारं एक मोहरंही त्याच्यासोबत पाठ करायचं.

प्रत्येक नमुन्याच्या पंधरा-वीस रचना सोडवा, बघताक्षणी चार-पाच सेकंदांत ओळखू येईपर्यंत. लिचेस या वेबसाइटवर नमुन्यांच्या नावानुसार पझल निवडता येतात, फुकट. ऐरोलीहून ठाण्याला जाताना लोकलमध्ये एकच रचना घ्या, एकदा नीट बघा, फोन खिशात टाका आणि दिघा गाव जाईपर्यंत शेवटची चाल मनात दिसते का बघा. दहा रचना बोटाने ढकलण्यापेक्षा ही एक जास्त कामाची, कारण बळी मोजताना पट डोक्यातच हलवावा लागतो.

आता तुमच्या एच७च्या उंटाकडे येऊ. हा बळी चारशे वर्षं जुना आहे. १६२०च्या सुमारास इटलीच्या ग्रेकोने लिहून ठेवलेला एक डाव या विषयाचा सगळ्यात चांगला धडा आहे, कारण त्यात तुमच्यासारखाच काळा उंट ई७वर आहे, तरीही बळी बरोबर ठरतो. पट मांडून खेळा (आकडा चालीचा, × म्हणजे मारणं, आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल):

१. ई४ ई६ २. डी४ घोडा-एफ६ ३. उंट-डी३ घोडा-सी६ ४. घोडा-एफ३ उंट-ई७ ५. एच४ कॅसलिंग ६. ई५ घोडा-डी५ ७. उंट×एच७ शह, राजा×एच७ ८. घोडा-जी५ शह.

इथे थांबा आणि काळ्याची प्रत्येक चाल वेगळी तपासा. खरं शिक्षण इथेच आहे.

उंटाने घोडा मारला, तर ९. एच×जी५. प्यादं बाजूला झालं आणि एच१च्या हत्तीचा आपोआप शह बसला. राजा जी८ला गेला की वजीर-एच५, आणि एच८वर मातीची धमकी. राजाला पळायला एकच वाट: एफ-प्यादं पुढे करून एफ७चं घर मोकळं करणं. १०...एफ५ला उत्तर ११. जी६. या प्याद्याने एफ७ बंद केलं. यानंतर काळा एखादं मोहरं फुकट घालवून मात लांबवू शकतो, थांबवू शकत नाही. ११...हत्ती-ई८ १२. वजीर-एच८ मात. नवव्या चालीनंतर राजा जी८ऐवजी जी६ला आला तर वजीर-एच५ शह, राजा-एफ५, वजीर-एच३ शह. आता जी६ला परतला तर वजीर एच७वर मात, ई४ला गेला तर वजीर डी३वर मात.

आठव्या चालीला घोडा न मारता राजा एच६ला आला, तर घोडा एफ७चं प्यादं मारतो. घोड्याचा शह आणि मागून सी१च्या उंटाचाही शह. दुहेरी शहाला राजा हलवण्यावाचून उपाय नाही, आणि डी८चा वजीर जातो.

राजा जी६ला आला, तर ९. एच५ शह. एच६ला गेला की पुन्हा एफ७वर तोच दुहेरी शह आणि वजीर खलास. एफ५ला गेला तर १०. जी४ आणि मात. ही मात पटावर नीट तपासा: जी४चं प्यादं डी१च्या वजिराने धरलंय, ई४ जी५च्या घोड्याकडे, एफ४ सी१च्या उंटाकडे, एफ६ ई५च्या प्याद्याकडे, जी६ एच५च्या प्याद्याकडे, ई६वर काळ्याचंच प्यादं. ई५चं प्यादं डी४ने धरलंय. एकेक घर असं बोट ठेवून बंद करता आलं तरच ‘मात होईल’ म्हणायचं.

राजा जी८ला परतला, तर वजीर-एच५ आणि एच७वर मातीची धमकी. ई७च्या उंटाने घोडा मारला की एच-प्याद्याने परत मारून आपण पहिल्याच फांदीत पोचतो. सातव्या चालीला बळी नाकारून राजा एच८ला गेला, तर पांढरा एक प्यादं वर आहे आणि घोडा-जी५ने हल्ला चालूच राहतो. ही शाखा लोक मोजतच नाहीत. समोरच्याने बळी घेतलाच पाहिजे असा नियम नाही.

आता तुमचा डाव याच्याशेजारी ठेवा. तुमचं एच-प्यादं एच२वर होतं आणि तुम्ही कॅसलिंग केलेलं होतं, म्हणजे हत्ती एफ१वर. ई७च्या उंटाने घोडा मारल्यावर तुम्ही सी१च्या उंटाने परत मारलं असणार, काळ्याने वजीर ई८ला सरकवला असणार. हल्ल्यात उरले वजीर आणि एक उंट. एवढ्यावर बहुतेक वेळा मात होत नाही. पाचव्या चालीचं एच४ हा सगळा फरक आहे. जी५वर कोणी मारलं की ते प्यादं परत मारतं आणि हत्तीची पट्टी उघडतं. तुमची चूक बळी देण्यात नव्हती, दोन चाली आधी एच४ न करण्यात होती.

यातून मोजणीचा पहिला नियम निघतो. हल्ला करणारी मोहरी बळी देण्याआधी मोजू नका, देऊन आणि अदलाबदल होऊन झाल्यावर जी उरतात ती मोजा. वजीर धरून किमान तीन हवीत, आणि तिन्ही एका चालीत राजाजवळ पोचणारी. ग्रेकोच्या डावात उंट आणि घोडा गेल्यावरही वजीर, एच१चा हत्ती, सी१चा उंट आणि ई५ व जी५ ही दोन प्यादी कामात आहेत. काळ्याकडे राजाजवळ फक्त एफ८चा हत्ती, आणि तोही राजाची वाट अडवून बसलेला. सी६ व डी५चे घोडे, सी८चा उंट, ए८चा हत्ती यांचा राजाला उपयोग नाही. प्यादंही हल्लेखोर धरा. ई५चं प्यादं एफ६ रोखतं, तिथे घोडा परत येऊ देत नाही, आणि एच७च्या बळीत हे काम अनेकदा निर्णायक असतं.

दुसरा नियम मात होणाऱ्या घराचा. वजीर-एच५ झाल्यावर एच७ला कोण पोचू शकतं ते आधीच शोधा. घोडा एफ६ किंवा एफ८ला येऊ शकतो का? ई६वर काळं प्यादं नसेल तर सी८चा उंट एफ५ला येऊन एच७ धरतो. काळ्या वजिराला सी२, डी३ किंवा ई४ यांपैकी एखादं घर मिळतं का, जिथून त्या तिरक्या ओळीने तो एच७पर्यंत बघेल? यातलं एकही ‘हो’ असेल तर त्या मोहऱ्याचा बंदोबस्त आधी, बळी नंतर.

तिसरी गोष्ट जी६ला येणाऱ्या राजाची. एच४चं प्यादं हाताशी नसेल तेव्हा हीच काळ्याची सर्वांत चिवट चाल असते आणि बरेच बळी इथेच फसतात. साधारण उत्तर वजीर-जी४, म्हणजे घोडा ई६वर गेला की मागून वजिराचा शह. काळा एफ५ खेळून वजिराला हाकलतो. तिथे एन पासाँ (दोन घरं सरकून शेजारी आलेलं प्यादं लगेच प्याद्याने मारणं) मारायचं की वजीर जी३ला ठेवून तीच धमकी कायम ठेवायची, हे बळी देण्याआधी ठरलेलं हवं. त्या क्षणी बसून शोधायला गेलात तर पाच-सहा मिनिटं जातात.

चालींचा क्रमही तितकाच नाजूक. समजा ई७वर उंट नाही, डी८वर वजीर आणि डी७वर घोडा आहे. राजा जी८ला परतला, तुम्ही वजीर-एच५ केलं, काळ्याने हत्ती ई८ला नेऊन एफ८ची वाट मोकळी केली. हात आपोआप एच७वर जातो. वजीर-एच७ शह, राजा-एफ८, वजीर-एच८ शह, राजा-ई७, आणि आता जी७चं प्यादं मारलं तरी शह बसत नाही, कारण मध्ये एफ७चं प्यादं आहे. बरोबर क्रम आधी एफ७ उचलण्याचा: वजीर×एफ७ शह, राजा-एच८, वजीर-एच५ शह, राजा-जी८, वजीर-एच७ शह, राजा-एफ८, वजीर-एच८ शह, राजा-ई७, वजीर×जी७ मात. एफ७चं प्यादं गेल्यामुळे सातवी ओळ उघडली आणि ते घर घोड्याने धरलंय. मोहऱ्याला हात लावला की तेच चालवावं लागतं, म्हणून हा क्रम बोटांना नाही, डोक्याला माहीत हवा.

दोन्ही उंट देण्याचा प्रकार याच्या पुढचा. इमॅन्युएल लास्कर विरुद्ध बाउअर, ॲमस्टरडॅम १८८९. १५व्या चालीला उंट एच७वर, १७व्या चालीला दुसरा उंट जी७वर. राजासमोरची भिंत गेली. १८. वजीर-जी४ शह, राजा-एच७, आणि मग १९. हत्ती-एफ३. ही चाल शहाची नाही. दोन उंट गेलेले असताना शांतपणे हत्ती उचलून पुढच्या चालीत एच३वर आणायचा आहे, कारण काळ्याला ती थांबवायला वेळच नाही. शिकणाऱ्यांना शह दिसतात, अशा चाली दिसत नाहीत. आपल्या मोजणीत प्रत्येक फांदीवर एकदा ‘इथे शह न देता नवीन मोहरं आणलं तर?’ असं विचारायची सवय लावा.

याच डावातली पुढची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. काळ्याने ई५ खेळून वजिराची सहावी ओळ मोकळी केली आणि वजीर एच६वर आडवा घातला. २१. हत्ती×एच६ शह, राजा×एच६. मात नाही. आणि मग २२. वजीर-डी७, बी७ आणि ई७च्या दोन्ही उंटांवर एकदम. त्यांतला एक जातो आणि डाव जिंकला जातो. म्हणजे बळींचा शेवट एका साध्या फोर्कमध्ये झाला. चांगला बचाव करणारा खेळाडू मात होऊ देत नाही, तो वजीर किंवा हत्ती परत देऊन सुटायला बघतो. म्हणून प्रत्येक मुख्य फांदीच्या टोकाला ‘मात’ लिहिलं तरी त्याच्याखाली ‘परत दिलं तर काय उरतं’ हेही लिहा. घोडा किंवा उंट ३, हत्ती ५, वजीर ९, प्यादं १, हा साधाच हिशेब, पण त्या टोकाच्या रचनेत करायचा. टोकाला काहीच नसेल तर निदान सततचा शह देऊन बरोबरी साधता येते का ते बघा. तेवढं असेल तर बळीतला धोका पुष्कळ कमी होतो.

एच६चा बळी स्पर्धांत याहून जास्त वेळा येतो, कारण नवशिके जी५ला काही येऊ नये म्हणून एच६ सरसकट खेळतात. डी२वर वजीर, ई३ किंवा सी१वर उंट. उंट×एच६, जी×एच६, वजीर×एच६. उंटाला दोन प्यादी मिळाली, हिशेबात एकाने मागे, राजा उघडा. इथे सगळं एका प्रश्नावर आहे: तिसरं मोहरं दोन चालींत येतंय का? ई१चा हत्ती ई३वरून जी३ला, किंवा घोडा जी५ अथवा एफ५ला. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर देऊ नका. काळ्याचे बचाव दोनच सांगतो, कारण तेच बहुतेक डाव वाचवतात. एक, उंट एफ८ला नेऊन वजिराला हाकलणं. दुसरा, वजीर एफ८ला आणून वजिरांची अदलाबदल मागणं. वजीर गेले की तुमच्या हातात एक मोहरं कमी असलेला शेवट उरतो. एच६वर मारण्याआधी एफ८चं घर कोणाच्या हातात आहे ते बघा.

एफ७च्या बाबतीत एका गैरसमजाबद्दल लिहायला हवं. घोडा जी५ला, उंट सी४ला, काळ्याने कॅसलिंग केलेलं. मुलं एफ७वर उंट आणि घोडा दोन्ही देऊन हत्ती आणि प्यादं घेतात आणि ६ला ६ म्हणून खूश होतात. डावाच्या मध्यावर दोन हलकी मोहरी हत्ती-प्याद्यापेक्षा जवळपास नेहमीच भारी पडतात, शिवाय तुमची दोन विकसित मोहरी गेली आणि काळ्याचा कोपऱ्यातला हत्ती कामाला लागला. हा बळीही नाही आणि हल्लाही नाही.

एफ७चा खरा बळी कसा असतो ते बघायचं तर १. ई४ ई५ २. घोडा-एफ३ घोडा-सी६ ३. उंट-सी४ घोडा-एफ६ ४. घोडा-जी५ डी५ ५. ई×डी५ घोडा×डी५ ६. घोडा×एफ७ राजा×एफ७ ७. वजीर-एफ३ शह राजा-ई६ ८. घोडा-सी३ ही ओळ घ्या. ठाण्यातल्या कुठल्याही वयोगटाच्या स्पर्धेत पहिल्या तासात ती कुठल्यातरी पटावर दिसतेच. आठव्या चालीनंतर मात कुठेही जवळ नाही. पण डी५चा घोडा सी४च्या उंटाने राजाला पिन केलाय (हलला तर राजाला शह बसतो), त्याच्यावर दर चालीला एक नवीन पांढरं मोहरं चढतं, आणि काळ्याची सगळी फौज त्या एका घोड्याला धरण्यात अडकते. शेवटपर्यंत मोजता न येणाऱ्या बळीची ही पहिली पायरी. इथे मोजायच्या त्या चाली नसून धमक्या: पुढच्या तीन चालींत दर चालीला मी नवी धमकी उभी करू शकतो का? हो असेल तर द्या.

कॅसलिंग न केलेल्या राजाचा धडा मॉर्फीच्या १८५८च्या पॅरिसमधल्या डावात आहे. तो सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण बघताना एकाच गोष्टीकडे लक्ष द्या. १०व्या चालीला बी५वर घोडा दिला आणि उंटाने शह मिळवला. काळ्याने घोडा डी७वर आडवा घातला. १२व्या चालीला लांब कॅसलिंग, म्हणजे एक हत्ती डी-पट्टीवर. १३व्या चालीला तोच हत्ती डी७वर दिला आणि लगेच दुसरा हत्ती डी१वर आणला. पहिला हत्ती देण्याचं कारणच दुसऱ्याला जागा करणं हे होतं. १६व्या चालीला वजीर बी८वर, १७व्या चालीला हत्ती डी८वर मात, मागे जी५चा उंट. राजा आणि प्यादी सोडली तर पांढऱ्याकडे मात देणारी तीच दोन मोहरी उरली होती. त्या वेळी काळ्याचा एच८चा हत्ती आणि एफ८चा उंट एकदाही हललेले नव्हते. बळीच्या वेळी समोरच्याची किती मोहरी झोपलेली आहेत, हा प्रश्न म्हणून स्वतःला विचारायचा.

मिखाईल तालच्या डावांबद्दल. १९६०मध्ये बोटविनिकला हरवून तो २३व्या वर्षी विश्वविजेता झाला. त्याचे डाव जरूर बघा, पण तुमच्या पातळीवर शिकायला आधी ग्रेको, मॉर्फी, लास्कर घ्या. तालच्या बळींतले पुष्कळ असे आहेत की बचाव सापडतो, पण घड्याळ चालू असताना सापडत नाही. पाया पक्का नसताना त्यांची नक्कल केली तर फक्त देण्याची सवय लागते.

सराव कसा करायचा तेही सांगतो. ग्रेकोच्या आठव्या चालीनंतरची रचना मांडा आणि एका मित्राला काळ्याकडून बसवा; त्याने प्रत्येक वेळी वेगळी फांदी निवडायची. मग पटच फिरवा आणि तुम्ही बचाव करा. बचाव करून बघितल्याशिवाय कुठली चाल त्रास देते ते कळत नाही. त्यानंतर रचनेत एकच बदल करा: एच-प्यादं एच२वर, किंवा काळ्याचा घोडा डी७वर, किंवा ई६चं प्यादं काढून टाका. प्रत्येक बदलानंतर बळी चालतो का ते वहीत तुमच्या उत्तरासकट लिहा, आणि मगच इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, लावा. इंजिन आधी लावलं तर फक्त आकडा दिसतो आणि कारण कळत नाही. आठवड्यात अशा तीन-चार रचना नीट झाल्या तर पुरे. स्वतःच्या हरलेल्या बळींचीही वेगळी वही ठेवा, त्यात एकच रकाना: समोरच्याची कुठली चाल मी पाहिली नव्हती? काही महिन्यांत दिसेल की त्यात तीन-चारच प्रकार पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांच्या वहीत ‘बळी नाकारला’, ‘मोहरं परत दिलं’ आणि ‘मध्येच त्यानेच शह दिला’ हे असतात.

शेवटचं म्हणजे रॅपिडमधलं घड्याळ. १५ मिनिटं अधिक १० सेकंदांच्या डावात एका बळीवर एकदाच तीन ते चार मिनिटं खर्च करा, आणि ती बळी देण्याच्या आधी. आधी समोरच्याचे सगळे शह आणि मारण्या, मग राजाची प्रत्येक पळवाट, मग बळी नाकारला तर, मग परत दिलं तर, या क्रमाने. एकही फांदी ‘बघू पुढे’ म्हणून सोडली असेल तर आधी तयारीची चाल खेळा: एच४, हत्ती ई१, किंवा एफ६च्या घोड्याला ई५ने हाकलणं. समोरच्याकडे त्यावर तातडीचा उपाय नसेल तर बळी एका चालीनंतरही तिथेच असतो, आणि बहुतेक वेळा आणखी पक्का. घड्याळात दोन मिनिटांहून कमी असेल तर फक्त शहांनी पुढे जाणारा बळी द्या, ज्यात समोरच्याला निवडच उरत नाही. हत्ती-एफ३सारख्या शांत चालीवर उभा असलेला बळी त्या वेळी सोडून द्या.